दट्ट्याच्या पोटावर तेलाची पिचकारी

रंगपंचमीची पिचकारी आपण सर्वांनी हाताळलेली आहे. दांडा जोराने दाबला की नळीतल्या पाण्यावर दाब येतो आणि तोंडाच्या बारीक भोकातून धार सुटते. दाब जितका मोठा, तितकी धार लांब जाते. अशीच पिचकारी कित्येक मोटारगाड्यांच्या इंजिनांतही बसवलेली असते. ती रंग उडवत नाही, तेल उडवते. आणि तिचे लक्ष्य एकच असते. वरखाली धावणाऱ्या दट्ट्याचे, म्हणजेच पिस्टनचे, पोट.

इंजिन फार चालून झिजले म्हणजे ते पूर्ण उघडावे लागते. ब्लॉक बोअरिंगला जातो, क्रँकशाफ्ट घासून घेतला जातो, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगे येतात. अशा वेळी ब्लॉकच्या तळाशी करंगळीएवढ्या काही वाकड्या नळ्या दिसतात. याच त्या तेलाच्या पिचकाऱ्या. मग प्रश्न उभा राहतो : या धुऊन परत बसवाव्यात, बदलून नव्या आणाव्यात, की काढून टाकून त्यांची भोके कायमची बुजवून टाकावीत? गाड्यांच्या शर्यतींत भाग घेणारे काही लोक हा तिसरा मार्ग पसंत करतात.

हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीचा आहे. परंतु त्याचे उत्तर मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकातच सापडते. दाब, घनता, विशिष्ट उष्मा आणि उष्णतेमुळे होणारे प्रसरण एवढ्या चार गोष्टी माहीत असल्या की पुरे. उत्तर चुकले तर दंडही मोठा असतो : पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो, नाहीतर त्याच्या माथ्याला भोक पडते, आणि नुकतेच बांधलेले इंजिन पुन्हा उघडावे लागते. म्हणून हे गणित आपण पायरीपायरीने मांडून पाहू.

पिस्टनची उष्णता जाते कुठे?

पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये जळते तेव्हा वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. पिस्टन तर ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनसाठी वापरतात ती सिलिकॉनमिश्रित धातू त्याहूनही आधी मऊ पडून वितळू लागते. मग पिस्टन वितळून का जात नाही?

याची कारणे दोन. एक म्हणजे ही आग सतत पेटलेली नसते. चार फेरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच ज्वलन होते. उरलेल्या वेळात थंड मिश्रण आत येते आणि जळालेला वायू बाहेर जातो. दुसरे म्हणजे ॲल्युमिनिअम उष्णतेचे उत्तम वाहक आहे. माथ्यावर आलेली उष्णता ते झटपट कडेला पोहोचवते. तेथून ती रिंगांमार्फत सिलिंडरच्या भिंतीला आणि भिंतीमागे खेळणाऱ्या पाण्याला मिळते. साध्या इंजिनात पिस्टनची निम्म्याहून अधिक उष्णता याच वाटेने बाहेर पडते. थोडी पिस्टनच्या बाजूंमधून जाते, थोडी गजन पिनमधून कनेक्टिंग रॉडला मिळते, आणि थोडी खालून उडणाऱ्या तेलाला. या सर्व वाटा मिळून पिस्टनचा माथा अडीचशे ते तीनशे अंशांच्या आसपास ठेवतात.

जुन्या मंदगती इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या बुडाला एक चमचा असे. दर फेरीला तो चेंबरमधल्या तेलात बुडे आणि तेल चहूकडे उडवी. तेवढे तुषार त्या इंजिनांना पुरत. परंतु त्याच आकाराच्या सिलिंडरमधून जास्त शक्ती काढायची ठरवली की हिशेब बदलतो.

एकाच मापाची दोन इंजिने

हा बदललेला हिशेब पाहण्यासाठी एक फार सोयीचे उदाहरण आहे. जपानच्या टोयोटा कंपनीची सुप्रा ही गाडी १९९३ साली नव्या रूपात बाजारात आली. तिच्यासाठी कंपनीने एकाच घराण्यातली दोन इंजिने दिली होती : टू-जेझेड-जीई आणि टू-जेझेड-जीटीई. दोन्हींत सहा सिलिंडर. दोन्हींत सिलिंडरचा व्यास ८६ मि.मी. आणि पिस्टनची धावही ८६ मि.मी. फरक असा की पहिले इंजिन हवा स्वतःच्या ओढीने घेते, तर दुसऱ्याला दोन टर्बोचार्जर हवा दाबून भरतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांत पहिल्याची शक्ती २२० अश्वशक्ती होती, दुसऱ्याची ३२०. आणि पिस्टनच्या पोटावर तेल मारणाऱ्या पिचकाऱ्या टोयोटाने फक्त दुसऱ्या इंजिनाला बसवल्या होत्या.

असे का, ते आकड्यांत पाहू. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. म्हणजे ३२० अश्वशक्ती होतात सुमारे २३९ किलोवॅट. एका सिलिंडरच्या वाट्याला ४० किलोवॅट. पेट्रोलच्या ऊर्जेपैकी शेकडा ३० भागच चाकाच्या कामी येतो असे धरले तर त्या सिलिंडरमध्ये दर सेकंदाला १३३ किलोज्यूल ऊर्जेचे पेट्रोल जळते. त्यातले अवघे दोन टक्के पिस्टनच्या माथ्यात शिरतात असे धरू. ते होतात २.७ किलोवॅट. हाच हिशेब २२० अश्वशक्तीच्या इंजिनाला लावला तर १.८ किलोवॅट येतात.

पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ दोन्हींत सारखेच, ५८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे टर्बो इंजिनात दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ४६ वॅट उष्णता शिरते. तुलनेसाठी घरची इस्त्री घ्या. हजार वॅटची, तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटरचा. तिथे दर चौरस सेंटिमीटरला पाचच वॅट. म्हणजे पिस्टनचा माथा इस्त्रीच्या नऊपट मारा सोसत असतो, आणि तोही मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वेगाने वरखाली धावत असताना.

दोन इंजिनांच्या रिंगा, भिंती आणि पाणी जवळजवळ सारखेच. परंतु आत शिरणारी उष्णता मात्र दीडपट. ही जादा उष्णता बाहेर काढायला एक नवी वाट हवी. ती वाट म्हणजे तेलाची पिचकारी.

धारेचे गणित

इंजिनाचा तेलपंप चेंबरमधून तेल ओढतो, गाळणीतून नेतो आणि ब्लॉकमध्ये आडव्या खोदलेल्या मुख्य तेलनळात सोडतो. तेथून ते क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना जाते. पिचकाऱ्याही याच नळावर बसवलेल्या असतात.

दाबाखालच्या द्रवाची धार किती वेगाने सुटेल, हे टॉरिचेल्लीने १६४४ साली आणि बर्नुलीने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या विचारांवरून काढता येते. सूत्र सोपे आहे :

वेग = √(२ × दाब ÷ घनता)

नळातला दाब तीन बार, म्हणजे ३,००,००० पास्कल घेऊ. तापलेल्या तेलाची घनता घनमीटरला सुमारे ८३० किलोग्रॅम. मग वेग येतो सेकंदाला सुमारे २७ मीटर. ताशी ९७ किलोमीटर! पिचकारीचे भोक १.५ मि.मी. व्यासाचे असले तर त्याचे क्षेत्रफळ १.७७ चौरस मि.मी. होते. दोन्हींचा गुणाकार केला की मिनिटाला २.८५ लिटर तेल मिळते. प्रत्यक्षात भोकाच्या काठाशी धार आक्रसते आणि घर्षणही होते, म्हणून याचा शेकडा ७० भाग धरू. म्हणजे दर पिचकारीतून मिनिटाला सुमारे दोन लिटर, किंवा सेकंदाला २८ ग्रॅम तेल.

हे तेल पिस्टनच्या पोटावर आपटून खाली येईपर्यंत २० अंशांनी तापले असे समजा. तेलाचा विशिष्ट उष्मा ग्रॅमला व अंशाला सुमारे २ ज्यूल. तेव्हा

२८ × २ × २० = १,१२० ज्यूल दर सेकंदाला

म्हणजे सुमारे १.१ किलोवॅट. पिस्टनमध्ये शिरणारी उष्णता आपण २.७ किलोवॅट काढली होती. त्यातला चाळीस टक्के वाटा एका बारीक धारेने उचलला! करंगळीएवढ्या नळीचे हे काम लहान म्हणता येणार नाही. अशा धारेमुळे पिस्टनच्या माथ्याचे तापमान वीसपासून पन्नास अंशांपर्यंत खाली येते.

इथे एक गंमत लक्षात घ्या. पिस्टन स्थिर नाही. मिनिटाला सहा हजार फेऱ्या आणि ८६ मि.मी. धाव असेल तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला १७ मीटर होतो आणि धावेच्या मध्याजवळ तो २८ मीटरपर्यंत जातो. म्हणजे पिस्टन जोराने वर पळत असताना मागून येणारी धार त्याला क्षणभर गाठतच नाही. परंतु वरच्या टोकाला पिस्टन थांबतो, परत फिरतो आणि मग समोरून येणाऱ्या धारेवर स्वतःच जाऊन आदळतो. सुदैवाने वेगाबरोबर तेलाचा दाबही वाढतो. दाब पाच बार झाला की धारेचा वेग सेकंदाला ३५ मीटरच्या जवळ जातो आणि पिस्टन तिच्या तावडीतून सुटत नाही.

सुझुकी कंपनीने १९८५ च्या जीएसएक्स-आर ७५० या मोटारसायकलमध्ये तर पाणी अजिबात वापरले नाही. पिस्टनच्या पोटावर तेलाची धार सोडलीच, शिवाय ज्वलनकक्षाच्या बाहेरच्या अंगावरही मुबलक तेल खेळवले. थंड करणाऱ्या तेलासाठी पंपाचा एक निराळा भागच ठेवला होता. तेल हे नुसते वंगण नाही, ते उष्णता वाहून नेणारा हमालही आहे, हे त्या इंजिनाने चांगले दाखवून दिले.

स्प्रिंग आणि गोळी

आता दुसरी बाजू. सहा पिचकाऱ्या मिनिटाला दोन-दोन लिटर तेल घेतात म्हणजे एकूण बारा लिटर. हे तेल बेअरिंगांच्या वाट्यातूनच जाते. मग बेअरिंगे उपाशी राहत नाहीत काय?

इंजिन जोरात फिरत असताना राहत नाहीत. समजा, पंप दर हजार फेऱ्यांना दहा लिटर तेल देतो. सहा हजार फेऱ्यांना तो मिनिटाला ६० लिटर देईल. त्यातले बारा गेले तरी चिंता नाही. उलट जादा तेल सुटका-झडपेतून चेंबरमध्ये परत सोडावे लागते.

परंतु सिग्नलला गाडी उभी आहे आणि इंजिन मिनिटाला सातशे फेऱ्यांवर रेंगाळत आहे, अशा वेळी काय होईल? पंप देतो फक्त सात लिटर. दाब एक बार आहे असे धरू. धारेचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून प्रवाह तीन बारच्या वेळेपेक्षा √३ पटीने कमी होईल. दर पिचकारीला १.१५ लिटर, सहांना मिळून ६.९ लिटर. म्हणजे पंपाचे जवळजवळ सगळे तेल पिचकाऱ्यांतूनच उडून जाईल! अर्थातच दाब एक बारवर टिकणार नाही. तो घसरेल आणि बेअरिंगांतला तेलाचा थर पातळ होईल.

म्हणून बहुतेक पिचकाऱ्यांच्या आत एक छोटी पोलादी गोळी आणि स्प्रिंग असते. दाब एका मर्यादेखाली असेल तोवर स्प्रिंग गोळीला भोकावर दाबून धरते. दाब साधारण दीड-दोन बारच्या वर गेला की गोळी उचलली जाते आणि धार सुरू होते. गोळी बसते ते भोक चार मि.मी. व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ १२.६ चौरस मि.मी.; दोन बार दाबाला गोळीवर बल येते २.५ न्यूटन. म्हणजे पाव किलो वजनाएवढे. एवढ्याशा स्प्रिंगच्या नेमकेपणावर सारे काही अवलंबून असते.

इंजिन उघडल्यावर पिचकाऱ्यांकडे लक्ष द्यायचे ते यासाठीच. एखाद्या बेअरिंगचा आधी चुरा झाला असेल तर त्याचे कण तेलाबरोबर फिरून या गोळीखाली अडकतात. गोळी उघडी राहिली तर रेंगाळताना तेलाचा दाब पडतो. मग बिचाऱ्या पंपावर ठपका येतो. याउलट गोळी बंद स्थितीत अडकली किंवा भोक चोंदले, तर तेवढ्याच एका सिलिंडरचा पिस्टन तापतो. बाकीचे पाच ठीक चालतात, दाबमापक काही सांगत नाही, पाण्याचा काटाही जागेवर असतो. आणि तरीही आत एक पिस्टन भाजत असतो. हा दोष अधिक घातक, कारण तो बाहेरून कळत नाही.

मग काढून टाकायच्या कशासाठी?

जे लोक पिचकाऱ्या काढून टाकतात ते अविचाराने काढतात असे नाही. त्यांची कारणे ऐकून घेतली पाहिजेत.

पहिले कारण जागेचे. इंजिनाची शक्ती वाढवण्यासाठी काही जण लांब धावेचा क्रँकशाफ्ट बसवतात. टू-जेझेड इंजिनात ८६ ऐवजी ९४ मि.मी. धावेचा क्रँकशाफ्ट घालून ते ३.४ लिटरचे केले जाते. धाव आठ मि.मी.ने वाढली म्हणजे क्रँकची त्रिज्या चार मि.मी.ने वाढली. पिस्टन खालच्या टोकाला चार मि.मी. अधिक खाली येतो आणि क्रँक, रॉड यांचा घेरही वाढतो. तिथेच पिचकारीची नळी उभी असते. दोघांची टक्कर झाली तर नळी मोडणार. अशा वेळी नळी थोडी वळवून घ्यावी लागते किंवा काढावी लागते.

दुसरे कारण तेलाच्या दाबाचे. जुना, झिजलेला पंप आणि सैल बेअरिंगे असतील तर बारा लिटरांची बचत मोहात पाडते. परंतु हे म्हणजे छप्पर गळते म्हणून पाऊस बंद करायला निघण्यासारखे आहे. पंप दुरुस्त करावा, बेअरिंगांचा गाळा मापात आणावा. पिचकारीचा त्यात दोष नाही.

तिसरे कारण असे सांगितले जाते की घडीव, म्हणजे फोर्ज्ड पिस्टन घातले आहेत, ते मजबूत असतात, मग त्यांना धार कशाला? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. घडीव पिस्टन तापलेल्या अवस्थेतही ओतीव पिस्टनपेक्षा बळकट राहतो हे मान्य. परंतु तापमानाचे दुष्परिणाम केवळ पिस्टनच्या बळकटीवर होत नाहीत. रिंगांच्या खाचा फार तापल्या की तिथले तेल जळून काजळीचा घट्ट थर बनतो आणि रिंगा अडकतात. रिंग अडकली की उष्णता बाहेर जाण्याची मुख्य वाटच बंद! शिवाय माथा जास्त तापला की न जळलेले शेवटचे मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वी आपोआप पेटते. यालाच आपण इंजिनाची ठोक म्हणतो. टर्बो इंजिनात मिश्रण आधीच दाबलेले असल्याने ठोकेची भीती अधिक. बळकट पिस्टन ही ठोक थोडा वेळ सोसतो, पण थांबवत नाही.

प्रसरणाचाही विचार करा. ८६ मि.मी. व्यासाचा पिस्टन बाजूला २० अंशांनी अधिक तापला, तर अंशाला सुमारे ०.००००२० या प्रसरणांकाने त्याचा व्यास ०.०३४ मि.मी.ने वाढतो. रोजच्या गाडीच्या पिस्टन आणि सिलिंडरमधली थंड अवस्थेतली मोकळीकच मुळी ०.०३ ते ०.०८ मि.मी. असते. भिंत ओतीव लोखंडाची. तिचा प्रसरणांक ॲल्युमिनिअमच्या जवळजवळ निम्मा. म्हणून पिचकाऱ्या काढायच्या असतील तर मोकळीक वाढवून घ्यावी लागते. आणि मोकळीक वाढवली की थंड इंजिनात पिस्टन खडखडतो, तेलही अधिक जळते. एक गोष्ट बदलली की दुसरी बदलते ती अशी.

दहा सेकंद आणि दहा मिनिटे

तरीही पिचकाऱ्यांशिवाय धावणारी शर्यतीची इंजिने आहेत आणि ती टिकतातही. ते कसे? उत्तर वेळेत आहे.

पाव मैलाच्या सरळ शर्यतीत इंजिन पूर्ण जोराने चालते ते जेमतेम दहा सेकंद. पिस्टनचे वस्तुमान ४०० ग्रॅम धरू. ॲल्युमिनिअमचा विशिष्ट उष्मा ग्रॅमला ०.९ ज्यूल, म्हणजे पिस्टन एका अंशाने तापवायला ३६० ज्यूल लागतात. पिचकारी नसल्यामुळे दर सेकंदाला ११०० ज्यूल मागे राहतात. तेव्हा पिस्टन सुरुवातीला सेकंदाला तीन अंशांनी अधिक तापू लागेल. जसजसा तो तापेल तसतशी भिंत आणि पिस्टन यांच्या तापमानांतला फरक वाढेल, रिंगांवाटे अधिक उष्णता जाईल आणि ही वाढ मंदावेल. दहा सेकंदांत वाढ फार तर वीस-पंचवीस अंश. तेवढ्यात शर्यत संपली, इंजिन सैलावले, पिस्टन पुन्हा थंड झाला.

आता खोपोलीहून बोरघाट चढणाऱ्या, मालाने भरलेल्या ट्रकचा विचार करा. आपल्या रस्त्यांवरच्या बऱ्याच टर्बो डिझेल इंजिनांतही अशाच पिचकाऱ्या असतात. तिथे पूर्ण जोर सेकंदांचा नसतो, कित्येक मिनिटांचा असतो. मिनिटाभरातच पिस्टन नव्या, चढ्या तापमानावर स्थिरावतो आणि घाट संपेपर्यंत तिथेच राहतो. धातू मऊ पडणे, तेलाची काजळी होणे या क्रियांना वेळ लागतो. आणि घाट त्यांना तो वेळ देतो.

डिझेलच्या काही पिस्टनांत तर माथ्याच्या आत एक वर्तुळाकार पोकळी ठेवलेली असते. पिचकारीची धार एका भोकातून या पोकळीत शिरते, पिस्टनच्या हालचालीने आत हिंदकळते आणि दुसऱ्या भोकातून बाहेर पडते. अर्धवट पाणी भरलेली बाटली हलवून विसळावी तसे तेल तिथे पोकळी विसळून काढते. असा पिस्टन धारेच्या भरवशावरच बेतलेला असतो. त्याची पिचकारी काढणे म्हणजे त्याचा घात करणे होय.

तेव्हा निर्णयाचा नियम असा मांडता येईल. ज्या इंजिनाला कारखान्यातून पिचकाऱ्या आल्या आहेत आणि जे रस्त्यावर, घाटात, लांब पल्ल्याला चालायचे आहे, त्यात त्या ठेवाव्यात. इंजिनाच्या आतून धातूचा चुरा फिरला असेल, नळी वाकली असेल किंवा गोळीची हालचाल शंकास्पद वाटली, तर नव्या घालाव्यात. पिस्टनच्या किमतीपुढे त्यांची किंमत किरकोळ असते. जागाच नसेल आणि इंजिन क्षणभराच्या शर्यतीसाठीच असेल, तरच काढण्याचा विचार करावा. आणि तोही मोकळीक, इंधन व ठिणगीची वेळ यांचा फेरविचार करूनच.

बसवताना आणि बुजवताना

पिचकारी परत बसवायची असेल तर ती डिझेल किंवा रॉकेलने धुवावी, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावी आणि भोकातून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. भोक साफ करताना जाड तार घुसवू नये. भोकाचा व्यास १.५ मि.मी.चा १.८ झाला तर क्षेत्रफळ, आणि म्हणून प्रवाह, जवळजवळ दीडपट होतो. नळीचा रोख पिस्टनच्या पोटाकडे नीट आहे ना, हे तपासावे. रोख थोडा जरी चुकला तरी धार रॉडवर किंवा भिंतीवर जाते आणि तेल वाया जाते. शेवटी क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पिस्टन, रॉड किंवा क्रँकचे वजन कुठेही नळीला लागत नाही याची खात्री करावी. बोल्ट ठरलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने आवळावा. तो पोकळ असल्याने जोर केला की तुटतो.

आणि पिचकारी काढायची असेल तर तिचे भोक आटे असलेल्या बुचाने पक्के बुजवलेच पाहिजे. पिचकारीचे तोंड १.५ मि.मी.चे होते, ती जिथे बसते ते ब्लॉकमधले भोक मात्र सहा मि.मी.चे असू शकते. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. असे एखादे भोक उघडे राहिले तर एकटेच ते सोळा पिचकाऱ्यांएवढे तेल सांडेल, आणि इंजिन सुरू होताच बेअरिंगांना तेल मिळेनासे होईल. तसेच काढायच्या तर सगळ्या काढाव्यात, ठेवायच्या तर सगळ्या ठेवाव्यात. पाच पिस्टन थंड आणि एक गरम, असे इंजिन कोणत्याच मापात नीट बसत नाही.

करून पाहा

दाब आणि धार यांचे नाते तपासायला इंजिन लागत नाही. लिटरभराची प्लॅस्टिकची उंच बाटली घ्या. तळापासून दोन सेंटिमीटरवर तीन मि.मी.चे भोक मोठ्यांच्या मदतीने पाडा. भोकापासून वर ५ सेंटिमीटर आणि २० सेंटिमीटर अशा दोन खुणा करा. आधी पाणी २० सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत भरा आणि वरून पाणी ओतत राहून पातळी कायम ठेवा. वीस सेकंदांत भोकातून पडलेले पाणी मोजपात्रात गोळा करा. मग हेच ५ सेंटिमीटरच्या खुणेला करा. पाण्याची उंची, म्हणजेच दाब, चौपट आहे. पण गोळा झालेले पाणी चौपट भरेल का? मोजा, आणि वर्गमुळाचा नियम आपल्या डोळ्यांनी पाहा. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे गणित आपण याच नियमाने सोडवले होते.

सोडवून पाहा

१. तीन बार दाबाला पिचकारीतून मिनिटाला दोन लिटर तेल येते. दाब चार बार झाला तर किती येईल?

२. सेकंदाला २८ ग्रॅम तेल पिस्टनच्या पोटावर पडते आणि ते १५ अंशांनीच तापते. तेल दर सेकंदाला किती उष्णता नेते?

३. सहा पिचकाऱ्यांतून प्रत्येकी १.१ किलोवॅट उष्णता तेलात आली. ती चेंबरमधल्या पाच किलो तेलातून बाहेर काढलीच नाही, तर ते तेल मिनिटाला किती अंशांनी तापेल? यावरून अशा इंजिनांना तेल थंड करण्याची निराळी सोय का लागते ते सांगा.

उत्तरे : १. सुमारे २.३ लिटर. २. ८४० ज्यूल. ३. सुमारे ४० अंश. म्हणजे काही मिनिटांतच तेल निकामी होण्याइतके तापेल, कारण पिचकारी उष्णता नाहीशी करत नाही, ती पिस्टनकडून घेऊन तेलाच्या हवाली करते.